आईचा सुळा

४ सप्टेंबर

प्रिय टाचणी,

पाकीट बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन करणार होतो. पण फोनवर तू माझं पहिलं वाक्य संपायच्या आत दुसऱ्यावर टोचतेस. तुझं नाव ज्याने टाचणी ठेवलं त्याला, म्हणजे मला, याचा फार अभिमान आहे, तरी म्हातारपणी झेपत नाही. पत्रात निदान मला पानभर बोलता येतं. शिवाय गेल्या वर्षी घराच्या कागदांवर सही करून पाठवल्यापासून आपण फोनवर फक्त एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतो.

तर घराचं दुकान झालं. दुकान म्हणायचं नाही, शोरूम म्हणायचं. कपडे डिझाइन करणाऱ्या एक बाई आहेत, पस्तिशीच्या. स्वतः सदा काळ्या कपड्यांत, आणि एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं आखूड. मला वाटलं धुताना आटली असेल. तशीच असते म्हणे, आणि त्याचेच जास्त पैसे पडतात.

बाहेरून काही बदललेलं नाही. इमारत जुनी म्हणून दर्शनी भागाला हात लावायचा नाही, असं नगरपालिकेने लिहूनच दिलंय. मध्ये झिजलेली दगडी पायरी तशीच, गच्चीचे लोखंडी कठडे तसेच. बाबांची पितळी पाटी तेवढी मी काढून आणली, तिच्या खिळ्यांची चार भोकं राहिली आहेत. आत मात्र तू ओळखणार नाहीस. दवाखान्यात, बाबांच्या दात काढायच्या खुर्चीच्या जागी, आता एक बाहुली उभी असते. अंगात झुळझुळीत झगा, आणि मानेच्या वर काहीच नाही. बाबांच्या दृष्टीने अगदी बिनकामाची पेशंट. वरच्या मजल्यावर आपल्या बसायच्या खोलीत कोट टांगलेत. मागच्या खोलीत, जिथे आईचं आरशाचं कपाट होतं, तिथे त्याच भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत आरसा लावून ट्रायल रूम केलीय. तिला मातकट पिवळा जाड पडदा आहे, पितळी कड्यांचा, आणि त्यातली पाचवी कडी नेहमी अडकते. मी आपला जाता जाता सहज डोकावलो होतो.

पत्र लिहायचं कारण वेगळंच. माळ्याच्या फळ्या उचकटताना सुताराला लाकडी खोकी सापडली, अकरा. त्याने एकाचं झाकण काढलं आणि पांढराफटक होऊन खाली आला. आत जबडे होते. बाबा कवळी करण्याआधी प्लास्टरचे साचे घ्यायचे ना, ते. वरचा आणि खालचा दोऱ्याने एकत्र बांधलेला, तळाला फक्त नंबर. पेशंटच्या दातांवर पेशंटचं नाव लिहायचं नाही हा बाबांचा नियम तुला आठवत असेल. नावांची वही होती, ती छत गळायचं त्या वर्षी भिजून गेली. बाई आधी किंचाळल्या, मग हसल्या, आणि मग त्यांना ते साचे गळ्यात रुमाल बांधून दर्शनी काचेत मांडायचे होते. मी म्हटलं, बाई, ही लोकांची तोंडं आहेत, त्यांतल्या काहींची नातवंडं याच रस्त्याने जातात. त्यांनी ऐकलं. पण माळ्यावर कापडाचे तागे ठेवायचे आहेत, तीस तारखेला सगळं राडारोड्याच्या गाडीत जाणार. माझ्या दोन खोल्यांत अकरा खोकी मावत नाहीत. काय करू ते कळव.

तुझा
दादा

११ सप्टेंबर

प्रिय दादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, कारण आपल्या घरात कोण कुठे टांगलंय हे मला ऐकायचं नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी तिथे शेवटची आले, त्याला एकोणीस वर्षं झाली. आधी नोकरी, मग गुडघे, आणि मग तू घर विकलंस. सही मी केली हे खरं. मागितलीस म्हणून केली. तू मला एकदाही विचारलं नाहीस की टाचणे, तुला काय वाटतं. ते असो. दुसऱ्यांदा वाचताना त्या खोक्यांपाशी येऊन थांबले.

दादा, त्यात आईचा साचा असणार.

बाबा सांगायचे ते आठव. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी आईला खुर्चीत बसवून साचा घेतला होता, तार लावून तिचा वरचा सुळा सरळ करायचा म्हणून. शेजारच्या दातावर चढून बसलेला होता तो. आईने साचा घेऊ दिला आणि तार लावायला साफ नाही म्हणाली. "अख्ख्या गावाचे दात सरळ केले, घरातला एक राहिला," असं बाबा ती गेल्यावरही म्हणायचे.

माझ्याकडे आईचे तीन फोटो आहेत, तिन्हींत ओठ घट्ट मिटलेले. तू पंधरा वर्षांचा होतास ती गेली तेव्हा, मी नऊ. तुझ्या वाट्याला सहा वर्षांची आई जास्त आली. मला तिचा आवाज आठवत नाही हे मी कोणाला सांगत नाही, तुला सांगते. हसणं मात्र आठवतं. डॉक्टरांच्या बायकोचे दात वाकडे, पेशंट काय म्हणतील, म्हणून दिवसभर ती तोंडावर हात ठेवून हसायची. फक्त सकाळी शाळेआधी माझ्या वेण्या घालताना तिचे दोन्ही हात माझ्या केसांत गुंतलेले असायचे. कपाटाच्या आरशासमोर मी स्टुलावर, ती मागे. मी मुद्दाम काहीतरी आचरट बोलायचे, बहुतेक वेळा तुझ्याबद्दल, आणि मग तिला हसू झाकता यायचं नाही. मी वळून बघायला गेले की कंगव्याने माझं डोकं सरळ करायची आणि म्हणायची, "समोर बघ."

तो साचा मला हवा आहे. दुसरं काही नको. घर गेलं, भांडी तू वाटून टाकलीस, मी तक्रार केली नाही. हा एक शोधून दे.

गोंधळ नको म्हणून नीट लिहिते. उजवं-डावं कोणाचं यावर वाद नकोत. साचा तोंडासमोर धरायचा, दात आपल्याकडे, आणि आपला हात मोजायचा. आईचा चढलेला सुळा आपल्या उजव्या हाताला यायला हवा. बत्तीस वर्षं मी ग्रंथालयात काढली, जिन्नस कुठल्या बाजूला आहे हे मी विसरत नाही.

आणि जाता जाता सहज डोकावणाऱ्याला पाचवी कडी अडकते हे कसं कळलं?

तुझी
टाचणी

१७ सप्टेंबर

प्रिय टाचणी,

कडीवरून चोर पकडलास. तर ऐक, आणि ऐकून झाल्यावर रागाव.

मी तिथे कामाला जातो. आठवड्यातून तीन दिवस, दहा ते पाच. सुरुवात अशी झाली की मागचं दार त्यांच्या कोणाच्यानेच उघडेना. ते आधी वर उचलून मग ढकलायचं असतं हे जगात आता फक्त दोघांना माहीत आहे, एक मी आणि एक तू. बाईंनी बोलावलं, मी उघडून दिलं. मग कुठला दिवा कुठल्या बटणावर, कुठली खिडकी पावसात फुगते, असं सांगत सांगत चार वेळा गेलो. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, काका, तुम्ही येतच आहात तर बसाच. घरी बसून मी दुसरं काय करतो? तुझी वहिनी गेल्यापासून भिंतीशी बोलतो. इथल्या भिंती निदान ओळखीच्या आहेत.

माझं काम जिन्याच्या वरच्या टप्प्यावर. दवाखान्यातला पेशंटांचा बाक बाईंनी ठेवून घेतला, तो तिथे आहे. ट्रायल रूमसाठी रांग लागते, आणि मी एकेकाला आत सोडतो. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून बाबांच्या कंपाउंडरकाकांचा सूर निघाला, "पुढचे कोण?" बाई खूश. गंमत म्हणजे बाकावरच्यांचे चेहरेही तसेच असतात. हातात नवा झगा आणि नजरेत धास्ती, आत गेल्यावर काय निघतंय कोण जाणे.

आता साच्यांचं. मी खोकी ट्रायल रूमच्या मागच्या अंगाला उतरवून घेतली आणि रिकाम्या वेळात एकेक उघडतोय. सहा झाली. बाबा दर वर्षी नंबर एकपासून सुरू करायचे, त्यामुळे नंबरावरून काही कळत नाही. मी आयुष्यभर रस्त्यांचे नकाशे काढले, पण इतका खाचखळग्यांचा प्रदेश पाहिला नव्हता. मिळेल, काळजी करू नकोस.

पण एक सांगायला हवं. तू बाजू उलटी लिहिली आहेस. साचा समोर धरला तर सुळा आपल्या डाव्या हाताला येईल. मला खात्री आहे. आई स्वेटर विणायची तेव्हा लोकरीची लड माझ्या दोन्ही हातांत अडकवून मला समोर बसवायची आणि गुंडा करायची. तिचेही हात गुंतलेले, माझेही. मी नाक खाजवता येत नाही म्हणून तोंडं वेडीवाकडी करायचो आणि ती खदखदून हसायची. हातभर अंतरावरून बघितलंय मी. माझ्या डाव्या हाताला खिडकी होती, आणि सुळा खिडकीच्या बाजूला. तेव्हा डावा बघतो.

तुझा
दादा

२३ सप्टेंबर

दादा,

तू आपल्याच घराच्या जिन्यावर राखण करत बसतोस आणि लोकांना आपल्याच आईच्या खोलीत सोडतोस, हे वाचून मी पत्र ह्यांच्या हातात दिलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. ह्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. म्हणाले, तुझा भाऊ मजेत दिसतोय. असेल. मला मात्र बाबांच्या दाराशी तू पगारावर बसलेला डोळ्यांपुढे येतोस.

ते तुझं तू बघ. सुळ्याचं मात्र मी ऐकणार नाही. तू लोकर धरत होतास ती कधीमधी, थंडीच्या आधी. मी रोज बघत होते, शाळेच्या प्रत्येक सकाळी, चार वर्षं. उजवा हात, दादा. डोळे मिटले की मला तो आत्ता दिसतो. तुझी खिडकी कुठे होती हे मला माहीत नाही, आई कुठे होती हे माहीत आहे.

तू आपल्यात थोरला, सगळं तुलाच जास्त कळतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. घर विकायचं तुलाच कळलं. पण माझ्याकडे तिची एवढी एकच गोष्ट आहे, आणि ती तरी माझ्या म्हणण्याप्रमाणे असू दे. तू तुझ्या आठवणीतला साचा पाठवलास तर मी कुठल्या तरी परक्या माणसाचे दात कपाटात ठेवून त्यांना आई म्हणत बसेन. तीस तारीख जवळ आली आहे.

टाचणी

१ ऑक्टोबर

प्रिय टाचणी,

सोबत खोकं पाठवतोय. लोकर भरपूर भरली आहे, उघडताना कात्री जपून चालव.

नवव्या खोक्यात सापडला. नंबर सतरा. समोर धरलास की चढलेला सुळा तुझ्या उजव्या हाताला येतो, तू म्हणालीस तसाच. दोरा जुना होता, तुटला, मी नवा बांधला आहे.

बाकीची गाडी काल सकाळी गेली. बाबांचे जवळजवळ साडेतीनशे पेशंट एका फेरीत गेले. मी पायरीवर उभा राहून बघत होतो. बाई बाहेर येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि गाडी वळल्यावर म्हणाल्या की काका, आज तुम्ही घरी गेलात तरी चालेल. मी गेलो नाही. दोन जणी बाकावर बसलेल्या होत्या.

पोचल्याचं कळव.

दादा

९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

पोचला. अगदी धडधाकट पोचला, एक टवकाही नाही.

मी तो दोन दिवस उघडलाच नाही. ह्यांनी विचारलं, बॉम्ब आहे का. मग काल दुपारी ते झोपल्यावर टेबलावर पेपर पसरून उघडला. तोच, दादा. तोच सुळा, शेजारच्या दातावर पाय टाकून बसलेला. माझ्या उजव्या हाताला. मी किती वेळ बसून होते कळलं नाही. चहा ठेवला होता तो आटून भांडं काळं झालं.

आता तो माझ्या झोपायच्या खोलीत फळीवर आहे. ह्यांचं म्हणणं, घरात आधीच दोन कवळ्या आहेत, तिसरी कशाला. बोलू दे त्यांना. मी सकाळी उठले की तिला सांगते, आज काय काय करायचं आहे ते. वेडी झाले म्हण हवं तर.

मागच्या पत्रात मी फार तोडून लिहिलं. पगाराचं वगैरे. ते लिहायला नको होतं. तू ऐकलंस माझं, तुझी खात्री बाजूला ठेवून. असं तू पहिल्यांदाच केलंस हेही नोंदवून ठेवते. पुढच्या पत्रात त्या आखूड बाहीच्या बाईंचं आणखी लिही, मला आता वाचवतं.

तुझी
टाचणी

१५ ऑक्टोबर

प्रिय टाचणी,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. साच्याविषयी आता जास्त लिहीत नाही, तुला मिळाला हे महत्त्वाचं.

बाईंची बातमी अशी की त्यांनी लग्नाच्या पोशाखांचं काम घेतलंय आणि जिन्यावर रोज कोणाची तरी आई रडत असते. माझ्या खिशात आता दोन रुमाल असतात, एक माझा आणि एक पेशंटांसाठी. पाचवी कडी बदलायला माणूस आला होता. मी त्याला परत पाठवला. अडकते तशी अडकू दे.

दादा

२ नोव्हेंबर

दादा,

पत्र बसून वाच.

काल सकाळी मी खोली झाडायला काढली. फळीवरचा साचा उचलून घाईत ड्रेसिंग टेबलावर ठेवला, तोंड आरशाकडे करून. मी केस विंचरत होते. मान वर केली तर आरशात माझ्या कोपराशी ते दात दिसले आणि मी दचकले. ती आई नव्हती. सुळा भलत्याच बाजूला होता, डाव्या हाताला. मी साचा वळवून स्वतःकडे केला, तर उजव्या हाताला. परत आरशाकडे केला, परत डाव्या. असं पाच-सहा वेळा केलं. कंगवा हातातच होता.

मग मी खाली बसले. हे धावत आले, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

दादा, मी आईला समोरून हसताना कधी बघितलंच नाही. एकदाही नाही. समोरून बघायचे तेव्हा तिच्या तोंडावर हात असायचा. हसायची ती माझ्या मागे उभी राहून, आणि मी बघत होते आरशात. वळायला गेले की डोकं सरळ करायची. माझ्याकडे आहे ती आरशातली आई. सत्तावन्न वर्षं मी तिला उलटी बघतेय आणि खिडकीशी बसून सरळ बघणाऱ्या तुला खोटं पाडतेय.

म्हणजे हा साचा तिचा नाही. महिनाभर मी कुठल्या तरी माणसाला रोज सकाळी आज काय काय करायचं ते सांगत होते.

मला राग आलेला नाही, किंवा कोणावर धरावा हे कळत नाही. माझ्या हट्टापायी ती गाडीत गेली. साडेतीनशेंच्या बरोबर, राडारोड्यात. तू डावा शोधणार होतास, मी शोधू दिला नाही. मी त्या पत्रात काय काय लिहिलं ते मला तोंडपाठ आहे, आणि काल दिवसभर ते एकेक वाक्य माझ्यापुढे येऊन उभं राहत होतं.

तू परत काही पाठवू नकोस, पाठवायला काही उरलेलंही नाही. फक्त एकदा लिही, ती हसायची तेव्हा समोरून कशी दिसायची. नकाशे काढायचास तसं लिही, बारीकसारीक. मी आता तुझंच खरं मानेन.

टाचणी

८ नोव्हेंबर

माझी टाचणी,

रडणं थांबव आणि आधी हे वाच. ती गाडीत गेली नाही.

नवव्या खोक्यात मला चढलेल्या सुळ्याचे दोन साचे सापडले होते. एक तुझ्या हाताचा, एक माझ्या. दोन्ही बाकावर शेजारी शेजारी ठेवून मी बघत बसलो. सतरा नंबरचा जबडा चांगला रुंद होता, आणि मला तर तो कोणा मिशीवाल्याचा वाटला. दुसरा लहानसा, आणि त्याला नंबरच नव्हता. बाबांनी पेशंटला नंबर दिल्याशिवाय सोडलं असं कधी झालंय का? मला काही शंका उरली नाही. तरी मी मिशीवाला खोक्यात भरला आणि लोकर कोंबली.

का, ते सांगतो. घर विकताना मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मला तिथे राहवत नव्हतं. छत गळत होतं, जिना चढवत नव्हता, आणि एकेका खोलीत एकेक माणूस नसलेलं होतं. म्हणून न विचारता सही मागितली. ते मला वर्षभर खातंय. त्यात तू लिहिलंस की एवढी एक गोष्ट माझ्या म्हणण्याप्रमाणे असू दे. आईचं घर तुझ्याकडून घेतलं, आता आईचा दातही माझ्याच म्हणण्याप्रमाणे तुझ्या हातात ठेवायचा, हे माझ्याने होईना. तुला उजवी आई हवी होती, मी उजवी पाठवली. फसवणूकच केली. तू सकाळी त्याच्याशी बोलतेस हे वाचलं तेव्हा माझी झोप उडाली होती, पण तोवर फार उशीर झाला असं वाटलं. मला कल्पना नव्हती की घोटाळा आरशाचा आहे. मला वाटत होतं, तू लहान होतीस, विसरली असशील. तू काहीच विसरली नव्हतीस.

समोरून कशी दिसायची ते मी लिहिणार नाही. तिला मी टपालातही टाकणार नाही. तू यायचं.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत ऐकत टाके घालत होत्या, मध्येच थांबल्या, आणि म्हणाल्या की सोमवारी शोरूम बंद असतं. मग टेप घेऊन स्वतः ट्रायल रूममध्ये आल्या. आरशाच्या समोरच्या भिंतीवर आम्ही एक छोटी फळी ठोकली आहे. आईच्या तोंडाच्या उंचीवर, माझ्या आठवणीप्रमाणे. उंचीबद्दल भांडायचं असेल तर इथे येऊन भांड. साचा तिथे ठेवला आहे, दात आरशाकडे. मी स्टूलही आणून ठेवलंय, पण त्यावर उभी राहू नकोस, आता बसायचं. बसलीस की ती तुझ्या खांद्यामागे येते. मी बसून बघितलं. सुळा उजव्या हाताला दिसतो.

मागे वळू नकोस मात्र. समोर बघ.

तुझं झालं की मी आत येईन आणि तिला माझ्याकडे वळवून बघेन. दोघांचंही खरं होईल, आणि मग तू तिला घरी घेऊन जा. मिशीवाल्याला येताना घेऊन ये, त्याला कुठे ठेवायचं ते बाईंनी ठरवलंय, गळ्यात रुमाल बांधून. मागचं दार मी उघडणार नाही. ते कसं उघडायचं तुला माहीत आहे. मी वर बाकाशी असेन.

तुझा
दादा

१३ नोव्हेंबर

दादा,

येत्या सोमवारी येते. एकटीच. ह्यांना म्हटलं, तिथे जेमतेम तिघांची जागा आहे.

केस आता चार उरलेत, वेणी काही होणार नाही, तरी कंगवा आणतेय. मिशीवाला पिशवीत बसलाय. तू नेहमीच्या जागी बस आणि नेहमीसारखा ओरड. माझा पहिला नंबर लावून ठेव.

टाचणी